नेमणूक

नवी मुंबईच्या गावठाणांत, चहूकडून उंच इमारती उठल्या तरी आपली जागा न सोडलेल्या देवळांत, अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा मंडपाच्या खांबाला एक साधा कागद चिकटवलेला असतो. कोणी कोणत्या वेळी वीणा गळ्यात घालून उभे राहायचे, याची ती यादी. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. मध्यरात्री दोनच्या पहाऱ्याचा माणूस डोळे चोळत येतो, आधी वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि मगच आधीचा माणूस ती सोडतो. अशाच एका मंडपात एका वृद्ध वारकऱ्याने मला विचारले होते, "तुमची नेमणूक कुठल्या पहाऱ्याला?" प्रश्न सहज होता, उत्तरही सहज दिले गेले, पण तो शब्द मात्र तेव्हापासून माझ्याबरोबर राहिला, आणि पुढे मनाच्या आजारांची शुश्रूषा, तिला लागणारा सरकारी पैसा आणि तिला लागणारी माणसे यांविषयी जे जे वाचले, पाहिले, ते सारे फिरून त्याच शब्दापाशी येऊन थांबत गेले. म्हणून वाचकहो, आज त्या एकाच शब्दापाशी आपण थोडे बसू.

नेमणूक या शब्दाच्या पोटात नेम आहे, आणि नेम हे नियम या संस्कृत शब्दाचे आपल्या अंगणात वाढलेले रूप. त्याच्या मुळाशी यम् हा धातू, म्हणजे धरून ठेवणे, आवरणे. योगशास्त्राने शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम सांगितले. आपल्या आजीने मात्र शास्त्र न वाचता नेम पाळला, तुळशीला पाणी घातले, एकादशी धरली, आणि वारीचा नेम चुकला त्या वर्षी कोणी न विचारताही ती आठ दिवस गप्प गप्प राहिली. नेम ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे. आज केले म्हणून उद्याची सुटका होत नाही, आणि उद्या करायचे आहे म्हणून आजचे ओझेही वाटत नाही, अशी ती काळाशी बांधलेली गाठ आहे. त्याच शब्दातून 'नेम धरणे' आले, म्हणजे लक्ष्यावर दृष्टी खिळवणे. त्यातूनच 'नेमका' आला, म्हणजे जिथे हवा तिथेच आणि जेवढा हवा तेवढाच. असा सातत्याचा आणि अचूकतेचा दुहेरी पीळ ज्या दोरीला आहे, त्या दोरीने माणसाला एखाद्या कामाशी बांधणे, ही नेमणूक.

आता या शब्दाचा आणखी एक पदर उलगडावा लागेल, कारण तो आपण विसरलो आहोत. जुन्या दप्तरांतून, पेशवाईच्या कागदांतून नेमणूक म्हणजे केवळ माणसाची नियुक्ती नव्हे, तर ठरवून दिलेली रक्कमही. कोणाला सालीना नेमणूक, कुठल्या देवस्थानाला पूजेची नेमणूक, कुठे नंदादीपाला तेलाची. आणि नंदादीपाचे मर्म तर असे की, मोठे दान एकदाच दिल्याने तो तेवत राहत नाही. कोणी हौसेने घागरभर तेल एका दिवशी आणून ओतले तर ते सांडून जाईल. रोज पळीभर तेल आणि रोज वात सारखी करणारा एक हात, एवढेच त्याला लागते, पण ते रोज लागते. म्हणून त्या काळच्या व्यवहाराने तेल आणि हात या दोहोंना एकच शब्द दिला. हाताविना तेल खापरात पडून राहते, तेलाविना हात रिकामा जोडला जातो, हे त्यांना निराळे सांगावे लागले नाही, शब्दानेच सांगितले. आपल्या काळाने मात्र या शब्दाचे दोन तुकडे करून दोन टेबलांवर ठेवले. एका टेबलावर मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. दुसऱ्यावर तरतूद, अनुदान आणि मार्चअखेर. आणि ही दोन टेबले एकमेकांकडे क्वचितच पाहतात.

हे दोन तुकडे मनाच्या आजारात इतके का सलतात, हे पाहायचे तर तुर्भ्याच्या एखाद्या वस्तीतली एक आई डोळ्यांसमोर आणू. नवरा बाजार समितीत माथाडी, स्वतः चार घरची कामे, आणि तेवीस वर्षांचा मुलगा, ज्याला तीन वर्षांपूर्वी कानांत आवाज येऊ लागले. आधी सगळे म्हणाले, बाहेरचं झालंय. मग कोणीतरी दवाखाना सांगितला, औषध सुरू झाले, आवाज मंदावले, मुलगा जेवू लागला, शेजाऱ्याच्या पोराशी बोलू लागला. स्किझोफ्रेनिया या आजारात औषध लागू पडणे ही निम्मी वाट. उरलेली निम्मी वाट ते सुटू न देण्याची, कारण बरे वाटले म्हणून किंवा औषध मिळाले नाही म्हणून ते थांबले की आजार उलटण्याचा धोका मोठा. काही रुग्णांना दर दोन ते चार आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते, लिथियम घेणाऱ्याचे रक्त ठरावीक अंतराने तपासावे लागते. म्हणजे या उपचाराचा स्वभावच नेमाचा आहे. त्यातही औषधापेक्षा नाजूक गोष्ट ओळखीची. ज्या परिचारिकेला या मुलाने पहिल्यांदा सांगितले की आवाज त्याला नावाने हाक मारतात, तीच पुढच्या महिन्यात समोर असेल तर तो आणखी एक वाक्य बोलेल. तिच्या जागी नवा चेहरा असेल तर त्याला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तिसऱ्या नव्या चेहऱ्यापुढे तो बोलणारच नाही. हाड मोडले तर ते कोणीही अनोळखी, पण निष्णात हाताने बसवावे; मोडलेले मन मात्र ओळखीच्या हाताची वाट पाहते.

आपल्या परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते, असे मला वाटते. पिढ्यान् पिढ्या घरची माणसे आपला आजारी जीव घेऊन नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला जात आली, तिथे दिवसचे दिवस सेवा करत राहिली. पहाटेचे स्नान, ठरलेल्या वेळची आरती, प्रदक्षिणा, माधुकरी. ज्याच्या मनातला काळ विस्कटला आहे, त्याच्याभोवती नेमाची एक भिंत उभी राहिली, आणि त्याला कोणी वेडा म्हणून हुसकले नाही. या श्रद्धेचे मोल कमी लेखण्याचे मला कारण दिसत नाही. पण नुसता नेम औषधाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितक्याच आदराने म्हटले पाहिजे. तमिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, कारण तिथे नेमाची जागा बेडीने घेतली होती. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एका आवारात आणण्याचा प्रयोग झाला, मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले, तेव्हा श्रद्धा आणि शास्त्र यांना परस्परांची अडचण होण्याचे कारण उरले नाही. आणि दूर बेल्जियममध्ये गील नावाच्या गावी संत डिंफना हिच्या स्थानी येणाऱ्या रुग्णांना गावकऱ्यांनी शतकानुशतके आपल्या घरांत ठेवून घेतले. आज तिथे त्या कुटुंबांना माफक भत्ता मिळतो आणि पाठीशी सरकारी रुग्णालय असते. श्रद्धेने लावलेल्या दिव्याला राज्याने तेलाची नेमणूक करून दिली, असेच ते चित्र आहे.

मग आपल्या राज्यसंस्थेने कोणता नेम धरला? १९८२ साली भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने करून दाखवलेल्या प्रयोगावरून १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यामागचा विचार सुबोध आणि सुंदर होता: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मोठ्या मनोरुग्णालयांच्या भिंतींपर्यंत माणसाने यावे, याऐवजी उपचारानेच माणसाच्या उंबऱ्यापर्यंत जावे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक, परिचारिका आणि नोंदी ठेवणारा सहायक, असा छोटा संच ठरवून दिला गेला. पुढे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने या सेवेला हक्काचे रूप दिले. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातल्याच अन्य ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, इथपर्यंत तो गेला. त्याच अधिनियमाच्या ३१ व्या कलमात एक वचन आहे: लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न सरकार दहा वर्षांत करील. दहा वर्षे म्हणजे २०२८ चा मे महिना. वचनाला तिथी आहे, म्हणून तो नेम वाटतो. पण 'प्रयत्न करील' हे शब्दही त्यात आहेत, आणि नेम धरणारा माणूस 'मी आषाढीला जाण्याचा प्रयत्न करीन' असे म्हणत नाही, हे आपण सारे जाणतो.

तेलाकडे पाहू. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात या कार्यक्रमासाठी एका जिल्ह्याला वर्षाला कमाल ८३ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरले. आकडा भरीव वाटतो, पण नेमका या शब्दाने तो तपासला की वेगळेच दिसते. पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८० लाख ७० हजार. म्हणजे माणशी वर्षाला साधारण एक रुपया. सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख. तिथे तीच कमाल मर्यादा माणशी जवळजवळ दहा रुपये होते. मनोरुग्णालयांचा, रुग्णालयांतल्या विभागांचा खर्च निराळा असतो, हे खरे. पण दारापर्यंत जाणाऱ्या सेवेपुरते पाहिले तर हे माप जिल्हा मोजते, माणसे मोजत नाही. नवी मुंबईची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. ९५ गावांच्या जमिनींवर सिडकोने वसवलेले हे शहर दोन जिल्ह्यांत विभागले आहे, दिघा ते बेलापूर ठाण्यात, पनवेल रायगडात. जिल्हा कार्यक्रमाचा ओघ राज्याच्या आरोग्य विभागातून जिल्हा रुग्णालयाकडे वाहतो, आणि इथली नागरी आरोग्य केंद्रे मात्र महापालिकांची. ज्या शहराच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टरला शाळा, बाजार, बाग मोजून दिली गेली, तिथे त्या आईचा मुलगा नेमका कोणाच्या वहीत लिहिला जायचा, हे मात्र मोजायचे राहिले.

तेल सालाबाद हवे, हेही तितकेच महत्त्वाचे. जत्रेच्या पत्रकावर आपण 'सालाबादप्रमाणे यंदाही' असे छापतो, आणि त्या दोन शब्दांत गावाचा सारा विश्वास असतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आधाराची दूरध्वनी सेवा, १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असणारी, हे एक खरेखुरे चांगले काम आहे. मध्यरात्री कोणाचा तरी आवाज कानी पडणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तिच्यासाठी केंद्राच्या अर्थसंकल्पात २०२३-२४ साली सुमारे १३४ कोटी रुपये होते, आणि पुढच्याच वर्षी ९० कोटी. जी समई लावून अजून वात स्थिर होते आहे, तिचे तेल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कमी मोजले जावे, याला सालाबाद म्हणता येत नाही.

आता हाताकडे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली; महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावा असाच आहे. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा काही आजार, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून. देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ पाऊण, म्हणजे ०.७५, आणि असावेत असे मानले जाते ते तीन. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत २०११ साली ११ लाख २० हजार लोक होते. तेव्हाच्याच हिशेबाने पाऊण या दराने आठ होतात, तीन या दराने तेहतीस-चौतीस. शहरात खासगी तज्ज्ञ आहेत, त्यांच्या पाट्या वाशीत, नेरुळमध्ये दिसतात. पण त्या आईच्या एका दिवसाच्या मजुरीत त्या पाटीखालचा दरवाजा उघडत नाही, आणि ट्रान्स-हार्बर गाडी धरून ठाण्याला जायचे तर त्या दिवसाची मजुरीच जाते.

संख्या हा प्रश्नाचा वरचा थर. त्याखाली दुसरा थर आहे, आणि नेमणुकीचे मर्म तिथे आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली काम करणारी कितीतरी माणसे कंत्राटी, आणि कंत्राट सहसा अकरा महिन्यांचे. बाराव्या महिन्याला नेम नाही. 'पद मंजूर आहे, पण भरलेले नाही', 'भरलेले आहे, पण माणूस अतिरिक्त कार्यभारावर आहे', ही वाक्ये सरकारी आरोग्यसेवेच्या जवळ वावरणाऱ्या कोणालाही नवी नाहीत. ज्या समाजसेविकेला दर गुरुवारी एका केंद्रावर बसायचे, तिला स्वतःला पुढचा गुरुवार दिसत नसेल, तर ती त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगेल, 'पुढच्या गुरुवारी ये'? इथे मला तो मंडप आठवतो. वीणा हाती घेणारा आला नाही म्हणून आधीच्याने ती खाली ठेवली, असे सप्ताहात घडत नाही. दमला तरी तो उभा राहतो, आणि गाव धावत जाऊन दुसऱ्याला उठवते. बदली, निवृत्ती, कंत्राट संपणे, यांत वाईट काही नाही, माणसे येतात आणि जातात. पण जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती रुग्णांची ओळख सोपवली का, हा प्रश्न विचारायची रीत आपण घालून घेतलेली नाही. म्हणून पहारा रिकामा राहतो आणि वीणा जमिनीला टेकते.

नेमका या पदराकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे, कारण तिथे आशेला जागा आहे. तेहतीस तज्ज्ञ उद्या उभे करता येणार नाहीत; पण प्रत्येक पहाऱ्याला तज्ज्ञच लागतो, असेही नाही. गोव्यात मानस या प्रयोगात प्राथमिक केंद्रांवर तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी उदासी आणि चिंतेच्या रुग्णांना भेटायचे, त्यांचा पाठपुरावा करायचा, अशी योजना होती. २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि सरकारी केंद्रांतले रुग्ण या पद्धतीने अधिक प्रमाणात बरे होतात असे दिसले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने आत्मीयता नावाचा उपक्रम नाशिक जिल्ह्यातल्या गावांत करून पाहिला, गावातलीच माणसे शेजाऱ्याचे दुःख ऐकायला तयार केली, आणि पुढे तो गुजरातेत विस्तारला. तज्ज्ञाने निदान करावे, औषध ठरवावे, अवघड वळणावर हात द्यावा. आणि दर आठवड्याची विचारपूस, औषध घेतले का, झोप लागली का, हा नेम ओळखीच्या साध्या माणसाने चालवावा, ही झाली नेमकी नेमणूक. फक्त त्या साध्या माणसालाही मानधन वेळेवर मिळायला हवे. आशाताईंच्या आधीच भरलेल्या पदरात आणखी एक वही टाकणे म्हणजे नेमणूक नव्हे.

नवी मुंबईपासून फार दूर नाही, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था आहे. रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आणतात, उपचार करतात, आणि बोलू लागलेल्या त्या ओठांवर गावाचे नाव आले की घरी पोहोचवतात. २०१८ साली या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रद्धा हे नाव त्यांनी जाणून ठेवले असेल, कारण श्रत् धा, म्हणजे खरेपण ठेवणे, हृदय ठेवणे. पण घरी पोहोचलेल्या त्या माणसाची गोळी महिन्याभरात संपते, आणि तेव्हा श्रद्धेने आणून पोहोचवलेल्या त्या उंबऱ्यावर नेमाने कोणी तरी उभे असावे लागते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे १९ वे कलम सांगते की कुटुंब नाही किंवा कुटुंब घेत नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. महाराष्ट्रातल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेने मुंबई उच्च न्यायालयासमोरही आला. भिंतींचे दार उघडणे हा न्याय खरा, पण दाराबाहेर कोणाची नेमणूक आहे, यावर तो पुरा होणे अवलंबून आहे.

तर वाचकहो, शब्द फिरून जिथून निघाला तिथे आला. राज्याचा नेम हा अखेर प्रजेच्या नेमाने पाळला जातो; देवळातला नंदादीप विझला तर पहाटे काकड्याला येणारी म्हातारी पुजाऱ्याला विचारते, आणि ती रोज येते म्हणूनच तो रोज तेवतो. आपल्या वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात जाऊन वर्षातून चार वेळा तीन गोष्टी विचाराव्यात: इथे मनाच्या आजारासाठी कोण बसते, कोणत्या दिवशी बसते, आणि गेल्या खेपेला बसलेला माणूसच आज आहे का. दर फेब्रुवारीत महापालिकेचा अर्थसंकल्प येतो, त्यात या कामापुढे कोणता आकडा लिहिला आहे, तो यंदा आणि गेल्या साली सारखा आहे का, हे पाहावे. रागाने विचारण्याची गरज नाही, पण विसरू मात्र नये. त्या वृद्ध वारकऱ्याने मला विचारले होते, कुठल्या पहाऱ्याला. मी त्याला रात्रीची वेळ सांगितली होती. दोन वाजता मी पोहोचलो तेव्हा माझ्या आधीचा माणूस वीणा धरून उभा होता, थकलेला, पण मला पाहिल्याशिवाय त्याने खांद्यावरची दोरी सैल केली नव्हती.